आठवीत नवी शाळा: कशात भाग घ्यायचा, कधी आणि किती

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सातवीपर्यंत महापालिकेच्या शाळेत होते. यंदा जूनमध्ये आठवीसाठी हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला. इथे एनसीसी, गाईड, खो-खो, चित्रकलेच्या परीक्षा, विज्ञान मंडळ, वक्तृत्व, नाटक असं खूप काही आहे. वर्गातल्या बहुतेक मुली पाचवीपासून इथेच आहेत, त्यांचे गट ठरलेले आहेत. मी फारशी बोलत नाही. कशात नाव द्यावं? आई म्हणते दहावी जवळ आली, आता हे कशाला?"

आधी निवडीचं सांगते, कारण चूक तिथेच होते. आपण उपक्रम निवडतो तो त्याच्या शेवटच्या दिवसाकडे बघून. सव्वीस जानेवारीचं संचलन, गॅदरिंगमधलं नाटक, हातात आलेली ढाल. पण वर्षाच्या दोनशे दिवसांत तो दिवस एकदा येतो. बाकी सगळा सराव असतो. म्हणून नाव देण्याआधी त्या उपक्रमाचा एक साधा बुधवार जाऊन बघ. कोपऱ्यात उभी राहा, तासभर पाहा. खो-खोचा बुधवार म्हणजे पाऊण तास नुसतं बसणं-उठणं-वळणं, बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळायची एकेरी साखळी, दुहेरी साखळी, पुन्हा एकेरी. एनसीसीचा म्हणजे उन्हात 'सावधान-विश्राम' आणि बुटांचं पॉलिश. चित्रकलेचा म्हणजे तोच माठ आणि तोच पेला चौथ्यांदा काढणं. नाटकाचा म्हणजे तिघी बोलतायत आणि बाकी दहा जणी आपल्या वाक्याची वाट बघत बसल्यात. यातला जो बुधवार तुला कंटाळवाणा वाटला तरी सोसवेल असा वाटतो, तो तुझा उपक्रम. ज्याचा फक्त शेवटचा दिवस आवडतो, तो नव्हे.

संख्येचं उत्तर: एक मोठा आणि एक छोटा. मोठा म्हणजे आठवड्यातून तीनदा सराव लागणारा, छोटा म्हणजे आठवड्याला तास-दीड तास मागणारा. तीन नकोत. याला हिशेब आहे. दिवसाचे चोवीस तास धर. साडेआठ तास झोप, साडेपाच तास शाळा, जाणं-येणं आणि तयारी दोन, जेवण-अंघोळ-घरकाम अडीच, गृहपाठ-अभ्यास दोन. उरले साडेतीन. क्लास असेल तर त्यातले दोन गेले. म्हणजे दिवसाला दीड तास, सोमवार ते शुक्रवार मिळून साडेसात. मोठ्या उपक्रमाचे तीन दिवस दीड-दीड तास म्हणजे साडेचार, छोट्याचा दीड, झाले सहा. उरलेला दीड तास आजारपण, पाहुणे आणि तुंबलेल्या पाण्यासाठी. तिसरा उपक्रम घेतलास की तो पहिल्यांदा झोपेतून कापला जातो आणि मग अभ्यासातून. आईला ही आकडेमोड कागदावर मांडून दाखव. "अभ्यास करेन" या शब्दापेक्षा तिला ते अधिक पटेल.

मुंबईत अधिवेशनाचा, म्हणजे शाळेच्या शिफ्टचा, प्रश्न वेगळा असतो. तुझं माध्यमिक सकाळच्या अधिवेशनात आहे की दुपारच्या, यावर अर्धी निवड आपोआप ठरते. सकाळी सातला शाळा असेल तर सराव सुटल्यावर, म्हणजे साडेबारा-एकला, डोक्यावर ऊन आणि पोटात भूक घेऊन. अशा वेळी दुसरा डबा हवाच. पोळीभाजीची गुंडाळी, केळं, शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी. वडापाववर दीड तास पळता येत नाही, पोटात दुखतं. दुपारचं अधिवेशन असेल तर सराव सकाळी साडेआठ-नऊपासून, आणि तिथून सरळ वर्गात. मग शेवटच्या तासाला डुलकी लागते. ती टाळायची तर रात्री दहाला झोपावंच लागतं. आणि ट्रेनने येत असशील तर गर्दीची वेळ हिशेबात धर. संध्याकाळी सहानंतर सुटणारा सराव म्हणजे भरलेल्या लेडीज डब्यात दप्तर, बूट आणि चित्राचा फळा घेऊन चढणं. फळा, लेझीम, काठी असलं सामान शाळेतच ठेवायची सोय आहे का, हे पहिल्याच दिवशी विचार. स्पर्धा बऱ्याचदा रविवारी असतात आणि त्याच दिवशी मेगाब्लॉक असतो. आझाद मैदानावर सकाळी नऊ वाजता सामना असेल तर शनिवारी रात्री ब्लॉकचं वेळापत्रक बघून निघायची वेळ ठरवावी. एक गडी पोचला नाही म्हणून खो-खोत नऊऐवजी आठ जणींनी उभं राहावं लागतं, असं होतं.

आता तारखा. नव्या विद्यार्थ्याचं सगळ्यात मोठं नुकसान तारखांमुळे होतं. पाचवीपासूनच्या मुलींना त्या माहीत असतात, तुला कोणी सांगत नाही. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते आणि बऱ्याच दारांच्या कड्या जुलैअखेर लागतात.

एनसीसी हे त्यातलं सर्वांत कडक दार. शाळेतलं प्रशिक्षण दोन वर्षांचं असतं, भरती सहसा आठवीत होते आणि नववीच्या अखेरीस 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा. म्हणजे आठवीत चुकलं तर शाळेत असेपर्यंत चुकलंच. जागा मोजक्या असतात आणि निवडीत धावणं, उंची-वजन, तब्येत बघतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायला निदान ७५ टक्के परेडची हजेरी लागते आणि एक शिबिर. वार्षिक प्रशिक्षण शिबिर साधारण दहा दिवसांचं, घराबाहेर राहण्याचं. घरातून शिबिराला परवानगी मिळणार नसेल तर आधीच मोकळेपणाने बोला, कारण तू घेतलेली जागा दुसरीला मिळाली असती. मुंबईत काही शाळांत भूदलाचं पथक असतं, काहींत नौदलाचं, काहींत हवाई दलाचं. जे असेल तेच मिळतं, त्यात निवड नसते.

गाईडचं दार जरा सैल. सहा ते आठ जणींची एक संघटुकडी, अशा काही टुकड्या मिळून पथक. प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, त्यानंतर राज्य पुरस्कार. प्रत्येक पायरीला ठरावीक महिने द्यावेच लागतात, दोन पायऱ्या एका शिबिरात उरकता येत नाहीत. आठवीत नव्याने सुरू करणाऱ्या मुलीने पहिल्याच महिन्यात गाईड कॅप्टन असलेल्या बाईंना विचारावं, "मी आत्ता सुरू केलं तर दहावीच्या आधी कुठवर पोचेन?" उत्तर द्वितीय सोपानापर्यंत असं आलं तरी वाईट नाही. गाठी बांधणं, प्रथमोपचार, चूल पेटवणं, नकाशा वाचणं हे सगळं तोवर हाताला येतं. पण राज्य पुरस्काराची आशा धरून नाव दिलंस आणि दहावीत कळलं की महिने पुरले नाहीत, तर हिरमोड होतो.

चित्रकलेच्या शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. अर्ज पावसाळ्यात भरले जातात, परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. क्रम आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. त्यामुळे आठवीत एक आणि नववीत दुसरी, हे वेळापत्रक सर्वांत सुखाचं. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. दहावीच्याच वर्षी बसायचं म्हटलं तर सहामाही आणि चित्र एकाच पंधरवड्यात येतात.

या परीक्षेवर थोडं जास्त लिहिते, कारण फार न बोलणाऱ्या मुलीसाठी ही उत्तम जागा आहे आणि इथे मार्क जातात ते कौशल्याअभावी कमी, निष्काळजीपणाने जास्त. एलिमेंटरीला दोन दिवसांत चार पेपर: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र-नक्षीकाम आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन. भूमितीच्या पेपरला कंपास नीट नसेल तर सगळं बिघडतं. घरी एक चाचणी कर. ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढ, तेच अंतर न हलवता परिघावर सहा वेळा खुणा करत जा. सहावी खूण बरोबर पहिल्या बिंदूवर पडली पाहिजे. दोन मिलिमीटर पुढे-मागे पडली तर कंपासचा स्क्रू सैल आहे किंवा पेन्सिल बोथट आहे, आणि परीक्षेत सुबक षटकोन काढायचा प्रयत्न करून तू स्वतःलाच दोष देत बसशील. रचनेच्या रेषा एच किंवा टूएच पेन्सिलने फिकट, उत्तराची रेषा एचबीने ठळक. रचनेच्या रेषा खोडू नकोस, त्यांनाच गुण असतात.

नक्षीकामात पोस्टर कलर सपाट बसला पाहिजे. रंगात पाणी किती? सायीसकट दूध वाटीत हलतं तितका दाटपणा. ताकासारखा पातळ झाला तर कागद डागाळतो, दह्यासारखा राहिला तर ब्रशचे ओरखडे दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत रंग वाळायला दुप्पट वेळ लागतो आणि शेजारचा रंग लावला की दोन्ही एकमेकांत उतरतात. म्हणून लगतचे दोन भाग एकापाठोपाठ रंगवायचे नाहीत. पिवळा जिथे जिथे आहे तो सगळ्या कागदावर आधी, तोवर पहिला कोपरा वाळतो, मग तांबडा, सर्वांत शेवटी काळा-निळा. वाळला का ते बोटाच्या टोकाने नव्हे, बोटाच्या पाठीने बघायचं. हात उजवा असेल तर डावीकडून उजवीकडे, वरून खाली. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवला की पुसलं जात नाही. स्मरणचित्रात मुली मोठा देखावा घेतात आणि माणसं मुंगीएवढी काढतात. बाजाराचं दृश्य म्हणजे पंचवीस दुकानं नव्हेत. एक भाजीवाली, एक गिऱ्हाईक, एक तराजू, बाकी मागे फिकट. माणूस कागदाच्या निम्म्या उंचीचा काढ, पोटऱ्या आणि हाताचे पंजे चुकू नयेत म्हणून रोज दहा मिनिटं घरातल्या माणसांची रेखाटनं कर. बसलेली आजी हे उत्तम मॉडेल, हलत नाही.

मैदानी खेळांत वयाचा नियम समजून घे. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असतात आणि तिथे इयत्ता नाही, जन्मतारीख बघतात. आठवीतली मुलगी १४ वर्षांखालच्या गटात सर्वांत मोठी असू शकते, आणि पुढच्याच वर्षी १७ खालच्या गटात सर्वांत लहान. आठवीत संघात असलेली मुलगी नववीत राखीव बसते, ती बहुधा याच कारणाने. खेळ बिघडलेला नसतो, गट बदललेला असतो. हे आधी माहीत असलं की नववीत खेळ सोडून देण्याची वेळ येत नाही. कबड्डीत वयाबरोबर वजनाची मर्यादाही असते, तिथे क्रीडाशिक्षकांकडून चालू वर्षाचा आकडा विचारून घ्यावा. त्या मर्यादेत बसण्यासाठी जेवण सोडणं अजिबात करू नये, वजनात बसत नसशील तर दुसरा खेळ आहे. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन स्वतंत्र जिल्हे आहेत, त्यामुळे परळच्या शाळेची जिल्हा स्पर्धा वेगळी आणि भांडुपच्या शाळेची वेगळी. क्रिकेटमध्ये मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन ही १८९३ पासूनची संस्था आहे आणि तिच्या हॅरिस शील्ड या मुलांच्या आंतरशालेय स्पर्धेतच १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली होती. पण त्या दर्जाच्या संघात येणारी मुलं फार लहानपणापासून नेटमध्ये असतात. आठवीत पहिल्यांदा मैदानावर उतरणाऱ्यासाठी खो-खो, लंगडी, लेझीम, अॅथलेटिक्स ही जास्त मोकळी दारं आहेत.

खो-खोचं उदाहरण घेऊन सांगते, उशिरा आलेल्या मुलीला शिरकाव कुठून मिळतो. मैदानात एका वेळी नऊ जणी पाठलागाला, आठ चौकोनांत बसलेल्या आणि एक धावणारी. समोरच्या संघाच्या तिघी-तिघी पळतीला येतात. संघातल्या जुन्या मुलींना सगळ्यांना पळायचं असतं आणि खांबाजवळ सूर मारून गडी टिपायचा असतो, कारण टाळ्या तिथेच पडतात. मधल्या चौकोनात नीट बसणारी मुलगी मात्र मिळत नाही. खो मिळण्याआधी उठणं, खो मिळाल्यावर चुकीच्या बाजूला वळणं, मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला पट्टा, ओलांडणं या तीन चुकांवर निम्मा डाव जातो. तू पहिल्या दोन महिन्यांत फक्त एवढंच पक्कं कर: पंजांवर बसणं, टाचा जमिनीला न टेकवता, दोन्ही हात समोर जमिनीवर, नजर आपल्या बाजूच्या धावणाऱ्या गड्यावर, पाठीला हात लागून 'खो' ऐकू आला की एका उडीत उठणं. रोज तीस वेळा, घरी पाठीला हात लावायला भाऊ-बहीण घे. मधल्या चौकोनात चूक न करणारी मुलगी ही प्रशिक्षकाला संघातून काढता येत नाही. सूर मात्र मातीवर किंवा मॅटवरच मारायचा. आपल्याकडे बऱ्याच शाळांचं पटांगण पेव्हर ब्लॉकचं असतं, तिथे कोपर आणि गुडघे सोलतात. पावसात शेवाळ धरलेल्या पटांगणावर पळायचंच नाही, त्या दिवशी जिन्यावरचे व्यायाम आणि दोरीच्या उड्या.

विज्ञानाकडे ओढा असेल तर आठवी हे तयारीचं वर्ष आहे. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ ती घेतं. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत अशा चाळण्या. नववीच्या जूनमध्ये तयारी सुरू केली तर लेखी कशीबशी निघते, प्रात्यक्षिकात हात थरथरतो. म्हणून आठवीत प्रयोगशाळेत बाईंना मदतनीस म्हणून राहा. ब्युरेट धुणं, तराजूवर वजन करणं, सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी लावणं. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेतही शाळेमार्फत कल्पना पाठवता येते आणि निवड झाली तर विद्यार्थ्याच्या बँक खात्यात १०,००० रुपये येतात. खातं स्वतःच्या नावाचं हवं, ते आधीच उघडून ठेव.

प्रदर्शनात मुलांचं काय चुकतं? बाजारातून थर्माकोलचा ज्वालामुखी किंवा तयार किट आणतात आणि परीक्षकाने "असं का होतं?" विचारलं की गप्प होतात. त्यापेक्षा घरातली एक गोष्ट मोजा. चाळीच्या किंवा इमारतीच्या नळातून पाणी ठिबकतंय? खाली मोजपात्र ठेव, घड्याळ लाव. दहा मिनिटांत ५० मिलिलीटर जमलं तर तासाला ३००, म्हणजे दिवसाला ७.२ लीटर. आता हेच सकाळी पाणी आल्यावर, दुपारी आणि रात्री मोज, प्रत्येक वेळी तीनदा, आणि सरासरी काढ. आकडे वेगळे आले तर त्यामागे दाब आहे की नळाचा वॉशर, हे शोध. वॉशर बदलून पुन्हा मोज. वहीत तारीख, वेळ, आकडा, खाडाखोड सगळं तसंच ठेव. परीक्षक सुबक तक्त्यापेक्षा ती मळकी वही जास्त वेळ चाळतात. मदत हवी असेल तर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे आणि वरळीला नेहरू विज्ञान केंद्र, दोन्ही ठिकाणी शालेय मुलांसाठी कार्यक्रम होतात.

न बोलणाऱ्या मुलीने वक्तृत्वात जावं का? जावं, पण छोटा उपक्रम म्हणून आणि एक ऑगस्टच्या टिळक पुण्यतिथीच्या भाषणाने सुरुवात करू नये, कारण तोवर जेमतेम सहा आठवडे झालेले असतात. सत्तावीस फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे चांगलं पहिलं लक्ष्य. चार मिनिटांचं भाषण म्हणजे सावकाश बोललं तर चारशे ते साडेचारशे शब्द. मुली सातशे लिहितात, मग धावतात, श्वास संपतो, आणि दुसरा परिच्छेद विसरला की पुढचं सगळं अडकतं. अख्खं पाठ करण्यापेक्षा पाच मुद्दे पाठ कर आणि फक्त पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन शब्दशः. मधे अडकलीस तरी पुढच्या मुद्द्यावर उडी मारता येते, ऐकणाऱ्याला कळतही नाही.

नाटकात रंगमंचावर जायचं नसेल तर पडद्यामागचं काम माग. प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य आडून सांगणारी, ही जागा कोणाला नको असते आणि तीच सगळ्यात शिकवणारी. संहितेत जिथे नट मुद्दाम थांबतो तिथे लाल पेन्सिलने खूण करायची, नाहीतर तू त्याला विसरला समजून वाक्य देशील आणि प्रसंग मोडेल. खरंच अडकला तर अख्खं वाक्य सांगू नये, पहिले दोन-तीन शब्द पुरतात. नजर बोलणाऱ्या नटाच्या ओठांवर, बोट पुढच्या ओळीवर. सामानाची यादीही प्रवेशवार लागते: कोणती वस्तू, कोणाच्या हातात, कोणत्या बाजूने आत, कोणी परत आणायची. ही शेवटची गोष्ट लिहिली जात नाही म्हणून तिसऱ्या प्रवेशात तांब्या सापडत नाही. हस्तलिखित, भित्तिपत्रक, ग्रंथालयातली मदत हीही शांत मुलींची चांगली ठिकाणं. हस्तलिखितासाठी अक्षर चांगलं हवं असं नाही, लेख वेळेवर गोळा करणारी मुलगी हवी असते.

ठरलेल्या गटांत शिरायचं कसं? "मला घेता का?" असं मुलींना विचारत बसू नकोस. थेट बाईंना किंवा सरांना भेट, मधल्या सुट्टीत नव्हे, शाळा सुटल्यावर दहा मिनिटांनी, आणि तीन प्रश्न विचार: सराव कोणत्या दिवशी किती वाजता असतो, नाव द्यायची शेवटची तारीख कोणती, आणि नव्या मुलीला पहिल्या महिन्यात काय करावं लागतं. मग पहिले तीन आठवडे सरावाला दहा मिनिटं आधी जा आणि सामान काढायला-ठेवायला मदत कर. ओळखी तिथेच होतात, चुना आखताना, चटया अंथरताना. निवडीत नाव आलं नाही तर रडू येईल, येऊ दे. पण दुसऱ्या दिवशी एवढंच विचार: "पुढच्या निवडीपर्यंत मी कोणती एक गोष्ट सुधारू?" एकच. शिक्षक पाच सांगतील, तू त्यातली पहिली घे. आणि तोवर गुणलेखन शीक. खो-खोत पळतीचा वेळ मिनिट-सेकंदांत लिहिणारी, कोण कसा बाद झाला ते नोंदवणारी मुलगी प्रत्येक सामन्याला संघाबरोबर जाते आणि खेळ बसल्या जागी शिकते.

कागदपत्रांचं कंटाळवाणं वाटेल, पण इथे वर्षं वाया गेलेली मुलं असतात. आधार कार्ड, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि उपक्रमाच्या अर्जावरचं नाव, तिन्ही ठिकाणी एकच हवं. एका जागी 'वैष्णवी', दुसऱ्या जागी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, तिसरीकडे वडिलांचं नाव नाही, असं असेल तर प्रमाणपत्र तसंच छापून येतं आणि दहावीला वाढीव गुणांचा प्रस्ताव पाठवताना अडतं. शाळा बदलून आलेल्या मुलींत हे जास्त होतं, कारण जुन्या दाखल्यावरून नोंद उतरवलेली असते. जुलैतच कार्यालयात जाऊन आपली नोंद वाचून बघ. पासपोर्ट फोटोच्या आठ प्रती, जन्मतारखेच्या पुराव्याच्या आणि आधारच्या चार-चार झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मिळालेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची झेरॉक्स त्याच दिवशी काढून मूळ प्रत घरी. लॅमिनेट करू नये, मागे शिक्का मारावा लागतो तेव्हा पंचाईत होते.

वाढीव गुणांबद्दल घरी फार चर्चा होते म्हणून स्पष्ट सांगते. खेळ, चित्रकला, लोककला, शास्त्रीय गायन-नृत्य, स्काऊट-गाईड, एनसीसी अशा बऱ्याच गोष्टींना दहावीत सवलतीचे गुण आहेत, खेळात ते कामगिरीच्या पातळीप्रमाणे २५ पर्यंत जातात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि त्याला मुदत असते, ती शाळेत आधीच विचारून ठेव. पण सात गुणांसाठी दोन वर्षं चित्र काढायचं ठरवलंस आणि चित्र आवडतच नसेल, तर तेवढ्या तासांत गणितात सातापेक्षा जास्त मिळवशील. गुण हे आवडीच्या कामावर पडलेलं वरचं तूप समजावं.

अभ्यासाचं वेळापत्रक पुढे असं सांभाळ. घटक चाचणीच्या आठवड्यात छोटा उपक्रम बंद, मोठा चालू. सहामाही-वार्षिकच्या आधी दहा दिवस दोन्ही बंद, आणि हे बाईंना तारखेनिशी आधी सांगून. आठवीत एखाद्या बाहेरच्या परीक्षेला बसणार असशील तर गॅदरिंगच्या तालमी आणि ती तयारी एकमेकांवर येऊ शकतात. तेव्हा नाचात मधल्या ओळीत राहा, मुख्य भूमिका घेऊ नकोस. स्पर्धेसाठी तास बुडले तर वही त्याच संध्याकाळी पूर्ण करायची. दुसऱ्या दिवशीवर टाकली की दोन दिवसांचं साचतं आणि गणितात एक पायरी चुकली की पुढचं कळत नाही. यासाठी वर्गात जिची वही नीट असते अशी एक मैत्रीण आधीच ठरव. तिच्यासाठीही तू काहीतरी कर. दहावीच्या जूनमध्ये मोठा उपक्रम थांबवावा, छोटा दिवाळीपर्यंत चालवावा. सगळं एका दिवशी बंद केलेल्या मुली बऱ्याचदा अभ्यासातही सुस्तावतात, कारण दिवसाची चौकट मोडते.

आता तुझ्या आईसाठी. ताई, पहिल्या महिन्यात काही विकत घेऊ नका. बूट, गणवेश, रंगाची मोठी पेटी, सगळं थांबवा. शाळेकडे जुनं असतं, वरच्या वर्गातल्या मुलींकडे असतं. सहा आठवडे मुलगी टिकली की मग घ्या, आणि खर्च करायचाच तर आधी बुटांवर. सराव किती वाजता सुटतो, सोबत कोणती बाई असते, परत येताना कोणत्या मुली एकाच दिशेच्या आहेत, हे विचारून घ्या. अंधार पडल्यावर एकटीने मैदानावरून यायचं नाही, दोघी-तिघींनी. कोणताही प्रशिक्षक एकट्या मुलीला बंद खोलीत, रिकाम्या हॉलमध्ये थांबवत असेल, रात्री फोनवर वैयक्तिक बोलत असेल, तर तो सराव नाही. मुख्याध्यापकांना लगेच सांगा, आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की असं काही झालं तर तिला कोणी रागावणार नाही. पाळीच्या दिवसांत दुखत असेल तर "आज हलका सराव करते" एवढं बाईंना सांगणं पुरेसं असतं. बॅगेत दोन पॅड आणि एक जादा पँट कायम असू द्या. दमा, फिट, अॅलर्जी काही असेल तर ते अर्जावर लपवू नका, संघात घेणार नाहीत या भीतीने पालक लपवतात आणि शिबिरात रात्री धावपळ होते.

आणि सोडायचं झालं तर. तिसऱ्या महिन्यात, गणपतीच्या सुट्टीनंतर, बहुतेकींना सोडावंसं वाटतं. नवलाई संपलेली असते, स्पर्धा अजून लांब असते. तेव्हा लगेच सोडू नकोस, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांब. सुट्टीत दोन आठवडे दूर राहिल्यावर सराव आठवतोय का ते बघ. आठवत नसेल तर खुशाल सोड, पण गायब होऊ नकोस. बाईंना समोर जाऊन सांग, कारण एका वाक्यात दे, संघातलं तुझं काम कोणाला शिकवून जायचं ते विचार. गणवेश धुऊन-इस्त्री करून परत कर, लॉकरची किल्ली दे, आणि सामानाच्या वहीत तुझ्या नावापुढे 'परत' असं लिहून घे.